गिटारचा आवाज वाटेत कुठे हरवतो?



गणेशोत्सव जवळ आला, की सोलापुरात एकीकडे लेझीमचे डाव घुमू लागतात आणि दुसरीकडे वाद्यवृंदांच्या तालमी सुरू होतात. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतही आता विजेवर चालणारी गिटार दिसू लागली आहे. वादकाच्या पायाशी एक फळी असते. तिच्यावर लहान लहान रंगीत पेट्या ओळीने बसवलेल्या असतात. वादक पायाने एखादी कळ दाबतो आणि गिटारचा आवाज क्षणात बदलतो. कधी तो खरखरीत होतो, कधी डोंगरदरीतल्या प्रतिध्वनीसारखा घुमतो, तर कधी माणसाने ‘वाऽ वाऽ’ म्हणावे तसा उमटतो. या पेट्यांना ‘पेडल’ आणि ती फळी म्हणजे ‘पेडलबोर्ड’.

पण पुष्कळदा असे होते, की घरी स्वच्छ आणि धारदार वाटणारी गिटार पेडलबोर्ड जोडून मंडपात वाजवली, की कांबळ्यात गुंडाळल्यासारखी मंद ऐकू येते. शिवाय पाठीमागे ‘हूंऽऽ’ अशी गुणगुण चालू असते. मग कोणी ध्वनिवर्धकाचे बटण वाढवतो. आवाज मोठा होतो, पण धार काही परत येत नाही. गुणगुण मात्र वाढते. असे का व्हावे? धार गेली कुठे आणि गुणगुण आली कोठून? या प्रश्नांची उत्तरे तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या ओहमच्या नियमातच दडलेली आहेत. चला, आपण ती शोधू या.

कंपनाची वीज

प्रथम गिटारच्या पोटात काय आहे ते पाहू. तारांच्या खाली ‘पिकअप’ नावाचा एक भाग असतो. त्यात लहान चुंबक असतात आणि त्यांच्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे दिलेले असतात. गिटारची तार पोलादाची असते. ती कंप पावू लागली, की चुंबकीय क्षेत्र तिच्याबरोबर हलते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. फॅरडेने 1831 साली शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. या तत्त्वावर गिटार बनवण्याचे काम 1930 च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी केले. बीचम यांना त्याचे पेटंट 1937 साली मिळाले.

पिकअपमधून मिळणारा विद्युतदाब असतो तरी किती? साधारणपणे एका व्होल्टचा दहावा भाग, म्हणजे 100 मिलिव्होल्ट. तार जोरात छेडली तर त्याहून काहीसा जास्त. या इवल्याशा विद्युतदाबालाच आपण ‘संकेत’ म्हणू. यात एकच वारंवारता नसते. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे 82 हर्ट्झचा आणि सर्वांत बारीक मोकळ्या तारेचा सुमारे 330 हर्ट्झचा असतो. पण प्रत्येक स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वारंवारतांचे उपस्वरही निघतात. ते चार-पाच हजार हर्ट्झपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातात. आवाजाची धार या वरच्या उपस्वरांत असते. जुन्या दूरध्वनीच्या तारेतून साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच पट्टा जात असे. त्यामुळे ‘स’ म्हटले की ‘फ’ हे पलीकडच्या माणसाला कळतच नसे. माणूस ओळखू येई, पण अक्षर निसटे. आपल्या गिटारचेही मंडपात तसेच झालेले असते.

पहिले कारण : न जुळणारी जोडी

पुढील प्रयोग करून पाहा. 9 व्होल्टचा एक चौकोनी सेल घ्या. त्याला 10,000 ओहमचा एक रोधक आणि त्याच्यापुढे आणखी 10,000 ओहमचा दुसरा रोधक एकसरीत जोडा. डिजिटल मल्टिमीटरने दुसऱ्या रोधकाच्या टोकांमधला विद्युतदाब मोजा. तो सुमारे 4.5 व्होल्ट, म्हणजे निम्माच भरेल. आता दुसरा रोधक काढून त्या जागी 10 लाख ओहमचा रोधक लावा. या वेळी मीटर सुमारे 8.9 व्होल्ट दाखवील.

याचा अर्थ काय? पहिला रोधक हा संकेत देणाऱ्याचा अंतर्गत विरोध समजा आणि दुसरा हा संकेत घेणाऱ्याचा. घेणाऱ्याचा विरोध देणाऱ्याच्या मानाने खूप मोठा असेल, तर संकेत जवळजवळ पूर्ण पोचतो. तो तेवढाच असेल, तर अर्धा संकेत वाटेतच खर्ची पडतो.

पिकअपच्या तारेचा रोध सुमारे 6,000 ओहम असतो. पण प्रत्यावर्ती विद्युतदाबाला रोधाखेरीज गुंडाळीच्या प्रवर्तकतेचाही अडथळा होतो आणि वारंवारता वाढली की तो वाढतो. या सर्व अडथळ्यांना मिळून ‘संरोध’ म्हणतात. पिकअपची प्रवर्तकता 2.5 हेन्री धरली, तर 100 हर्ट्झला प्रवर्तकतेचा अडथळा सुमारे 1,600 ओहम येतो. 3,000 हर्ट्झला मात्र तो 47,000 ओहमांवर जातो!

आता अशी गिटार 10,000 ओहम संरोधाच्या मिक्सरला सरळ जोडली तर? गणित केल्यास 100 हर्ट्झचा सुमारे सहा दशांश भाग पोचतो, पण 3,000 हर्ट्झचा फक्त एक पंचमांश. म्हणजे नुकसान सर्वांचे सारखे होत नाही; धार आधी जाते. गिटारसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा आदानसंरोध 10 लाख ओहम ठेवतात तो याचसाठी. मंडपात गिटार थेट मिक्सरला जोडायची वेळ आली, तर मध्ये ‘डीआय बॉक्स’ नावाची पेटी लावतात. तिचेही मुख्य काम हेच : गिटारकडून पाहिले तर संरोध मोठा, मिक्सरकडून पाहिले तर लहान.

दुसरे कारण : केबलच्या पोटातले धारित्र

गिटारच्या केबलमध्ये मधोमध एक तार, तिच्याभोवती विसंवाहक आणि त्याच्याभोवती तांब्याची जाळी असते. बाहेरच्या विजेचा उपद्रव आत शिरू नये म्हणून ही जाळी हवीच. पण दोन वाहक आणि मध्ये विसंवाहक, ही तर धारित्राची व्याख्या झाली! म्हणजे गिटारची केबल हे एक लांबलचक धारित्रच होय. तिची धारकता दर मीटरला साधारण 100 पिकोफॅरड असते.

धारित्र वरच्या वारंवारतांना सोपी वाट करून देते. 20 मीटर केबलची धारकता 2,000 पिकोफॅरड होते. अशा केबलचा अडथळा 100 हर्ट्झच्या संकेताला सुमारे 8 लाख ओहम वाटतो, तर 5,000 हर्ट्झच्या संकेताला फक्त 16,000 ओहम. मग वरचे उपस्वर अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत कशाला जातील? ते केबलमधूनच जाळीकडे निसटतात.

येथे आणखी एक गंमत आहे. पिकअपची प्रवर्तकता आणि केबलची धारकता यांची जोडी झोपाळ्यासारखी वागते; एका ठरावीक वारंवारतेला तिचे अनुस्पंदन होते. या वारंवारतेच्या आसपासचे उपस्वर उठून दिसतात आणि तिच्या वरचे झपाट्याने क्षीण होतात. सूत्र तुम्हाला पुढील वर्गांत भेटेलच. सध्या एवढे पुरे, की धारकता चौपट झाली तर ही वारंवारता निम्मी होते. पिकअपच्या स्वतःच्या धारकतेचा विचार सोडून ढोबळ हिशेब केला, तर 2.5 हेन्रीच्या पिकअपसाठी पुढील आकडे मिळतात :

5 मीटर केबल, 500 पिकोफॅरड : सुमारे 4,500 हर्ट्झ
6 मीटर केबल, 600 पिकोफॅरड : सुमारे 4,100 हर्ट्झ
20 मीटर केबल, 2,000 पिकोफॅरड : सुमारे 2,250 हर्ट्झ

घरी 5 मीटर केबलवर वाजणारी गिटार आणि मंडपातली गिटार यांत फरक का पडतो, ते आता उघड झाले. गिटारपासून फळीपर्यंत 6 मीटर, पेट्यांना जोडणाऱ्या लहान केबली मिळून 2 मीटर आणि फळीपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत 12 मीटर; झाले की 20 मीटर! काही पेडल बंद असताना संकेत त्यांच्या आतल्या मंडलाला न शिवता सरळ पलीकडे जातो. याला ‘ट्रू बायपास’ म्हणतात. ही सोय चांगली आहे, पण अशा सर्व पेट्या बंद असल्या, तर पिकअपला एकट्याने 20 मीटर केबल ओढावी लागते.

अटलांटिकच्या तळाशी मिळालेला धडा

‘मग जोर वाढवला की झाले!’ असे कोणी म्हणेल. असे म्हणणारे पूर्वीही होते. 1858 साली यूरोप आणि अमेरिका यांना जोडणारी पहिली तारायंत्राची केबल अटलांटिक महासागराच्या तळाशी टाकण्यात आली. तिच्यातून राणी व्हिक्टोरियाचा 98 शब्दांचा संदेश जायला सुमारे 16 तास लागले. प्रचंड लांबीच्या केबलची धारकता प्रत्येक ठोक्याला पसरट करून टाकत होती. एक ठोका संपण्याआधी दुसरा त्यात मिसळे. कंपनीचे विद्युततज्ज्ञ वाइल्डमन व्हाइटहाउस यांनी उपाय म्हणून सुमारे 2,000 व्होल्टचा दाब दिला. मुळात कच्ची असलेली ती केबल काही आठवड्यांतच मुकी झाली.

विल्यम टॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन या नावाने प्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ, यांचे म्हणणे वेगळे होते. केबलचा तांब्याचा गाभा जाड करा, विसंवाहक सुधारा आणि क्षीण संकेत ओळखणारे नाजूक उपकरण वापरा, असे ते सांगत. 1866 साली टाकलेली केबल या मार्गाने यशस्वी झाली. धडा हा, की वाटेत बिघडलेला संकेत नुसत्या जोराने सुधारत नाही. तो बिघडणारच नाही अशी व्यवस्था आधी करावी लागते. आपल्या पूर्व भागातल्या यंत्रमागावर ताण्याचा धागा सुरुवातीलाच तुटला, तर पुढे चादरीला कितीही झळाळी दिली तरी नक्षीतली ती रेघ भरून येत नाही. तसेच हे आहे.

उपाय : वाटेवरचा मदतनीस

संकेत सुस्थितीत असतानाच त्याला एक मदतनीस जोडून द्यायचा. या मदतनिसाला ‘बफर’ म्हणतात. हे एक ट्रान्झिस्टरचे किंवा एकात्मित मंडलाचे छोटे मंडल असते. ते विद्युतदाब वाढवत नाही. पिकअपला ते आपला 10 लाख ओहमांच्या घरातला संरोध दाखवते, त्यामुळे पिकअपवर भार पडत नाही. आणि पुढे तोच विद्युतदाब 1,000 ओहम किंवा त्याहूनही कमी संरोधातून देते. 1,000 ओहमातून 2,000 पिकोफॅरडची केबल चालवली, तर घट सुरू होते ती सुमारे 80,000 हर्ट्झच्या आसपास. आपला कान फार तर 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकतो. म्हणजे बफरच्या पुढे केबल लांबली तरी धार जात नाही. पिकअपला फक्त पहिल्या 6 मीटरची काळजी उरते आणि अनुस्पंदन पुन्हा 4,100 हर्ट्झवर येते.

हेच तत्त्व आपल्या महाराष्ट्रात फार मोठ्या प्रमाणावर वापरलेले पाहायला मिळते. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे ‘जीएमआरटी’ ही रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिच्यात प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आहेत. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या रेडिओलहरी अतिशय क्षीण असतात. म्हणून पहिला, अत्यंत कमी गोंगाटाचा वर्धक तबकडीच्या नाभीपाशीच बसवलेला आहे. तेथे सशक्त झालेला संकेत मग प्रकाशीय तंतूंतून कित्येक किलोमीटर दूरच्या केंद्राकडे जातो. दुर्बीण असो की गिटार, नियम एकच : मदत द्यायची ती उगमाजवळ.

एक अपवाद मात्र लक्षात ठेवा. ‘फझ’ नावाच्या काही जुन्या धाटणीच्या पेडलचे मंडल थेट पिकअपला जोडले तरच नीट वागते. तिच्या आधी बफर आला, तर तिचा आवाज कर्कश होतो. म्हणून अशी पेटी पहिली आणि बफर तिच्या नंतर ठेवावा.

गुणगुण येते कोठून?

आपल्या घरातली वीज 50 हर्ट्झची आहे. दिवे, पंखे, रोहित्रे, यंत्रमागाच्या मोटारी या सर्वांभोवती त्याच वारंवारतेचे चुंबकीय क्षेत्र असते. पिकअपची गुंडाळी तारेचे कंपन टिपते तसे हेही टिपते. 1955 च्या सुमारास अमेरिकेत सेथ लव्हर यांनी यावर युक्ती काढली. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवून त्यांचे चुंबक आणि वेढे दोन्ही उलट केले. तारेच्या कंपनाचा संकेत दोन्हींत एकमेकांना मिळतो. बाहेरून आलेली गुणगुण मात्र एकमेकींना खोडून काढते. अशा पिकअपला ‘हंबकर’ म्हणतात.

गुणगुण कोठे शिरते यालाही फार महत्त्व आहे. संकेत 100 मिलिव्होल्ट, गुणगुण 1 मिलिव्होल्ट आणि पेडलचे वर्धन 10 पट आहे असे समजा. गुणगुण पेडलच्या आधी शिरली, तर पुढे 1,000 मिलिव्होल्ट संकेताबरोबर 10 मिलिव्होल्ट गुणगुण येते. ती पेडलच्या नंतर शिरली, तर तेवढ्याच संकेताबरोबर 1 मिलिव्होल्टच येते. म्हणून पहिली केबल आणि पहिली पेटी सर्वांत चांगली हवी. उरलेले पैसे मग पुढच्या पेट्यांवर खर्च करावे!

पेट्यांना वीज पुरवणारा अ‍ॅडाप्टरही पाहावा. पेडल बहुधा 9 व्होल्टवर चालतात. प्रत्येक पेटीवर लिहिलेल्या मिलिअँपिअरची बेरीज करा. समजा 5, 10, 30 आणि 100 अशा चार पेट्या आहेत. बेरीज 145 झाली. मग अ‍ॅडाप्टर 200 किंवा अधिक मिलिअँपिअरचा घ्यावा. धन-ऋण टोके तपासल्याशिवाय जोडू नये. प्रतिध्वनी देणाऱ्या अंकीय पेट्यांची शीळ इतरांत उतरत असेल, तर त्यांना एकमेकांपासून अलग असलेला पुरवठा द्यावा.

येथे चूक जिवावर बेतते

गुणगुणीचे आणखी एक कारण म्हणजे दोन उपकरणे दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या अर्थिंगला जोडली जाणे. केबलची जाळी आणि अर्थिंगच्या तारा मिळून एक मोठे वेटोळे तयार होते आणि त्यात 50 हर्ट्झचा प्रवाह फिरू लागतो. काही जण यावर एक ‘सोपा’ उपाय करतात : अ‍ॅम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. गुणगुण थांबते, पण हा उपाय मृत्यूला आमंत्रण आहे.

गिटारच्या तारा आतून केबलच्या जाळीला आणि तेथून अ‍ॅम्प्लिफायरच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात. आत बिघाड होऊन सांगाड्यात वीज आली आणि अर्थिंग नसले, तर ती वीज गिटारच्या तारांवर येऊन वादकाची वाट पाहत बसते. त्याने गिटार धरून दुसऱ्या हाताने किंवा ओठाने मायक्रोफोनला स्पर्श केला, की प्रवाहाची वाट त्याच्या छातीतून जाते. 1972 साली वेल्समधील स्वानसी येथे ‘स्टोन द क्रोज’ या वृंदाचा गिटारवादक लेस हार्वी हा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून रंगमंचावरच मरण पावला.

आपल्याकडे गणेशोत्सव पावसाळ्यात येतो. मंडपातली जोडणी तात्पुरती असते, जमीन ओली असते. म्हणून अर्थिंगची पिन कधीही काढू नका. सर्व उपकरणांना एकाच ठिकाणाहून वीज घ्या. वेटोळे तयारच होणार नाही. डीआय बॉक्सवर संकेताची जाळी तोडणारी कळ असते, ती वापरा. तिने विजेच्या अर्थिंगला धक्का लागत नाही. मंडपाच्या जोडणीत 30 मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवून घ्या आणि हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाकडूनच करवून घ्या.

फळीची मांडणी

आता फळी मांडू या. पेट्यांचा क्रम सामान्यतः असा ठेवतात : प्रथम स्वर जुळवणारा ट्यूनर, मग वा-वा, मग फझ किंवा डिस्टॉर्शन, त्यानंतर कोरस, मग डिले म्हणजे प्रतिध्वनी, आणि शेवटी रिव्हर्ब म्हणजे घुमारा. थेट पिकअपच लागणारी फझ असेल, तर ती सर्वांत पुढे घ्या. प्रतिध्वनी खरखरीच्या नंतर का? आधी प्रतिध्वनी घेतला, तर मूळ स्वर आणि त्याचे पडसाद सगळे एकत्रच खरखरीत होऊन गोंधळ माजतो. अर्थात हा काही निसर्गनियम नव्हे. कानाला रुचेल तो बदल करून पाहावा.

मांडणी झाल्यावर परीक्षा घ्या. गिटार एका आखूड केबलने सरळ अ‍ॅम्प्लिफायरला जोडा आणि एक सुरावट वाजवा. मग सर्व पेट्या बंद ठेवून फळीतून तीच सुरावट वाजवा. अ‍ॅम्प्लिफायरची बटणे हलवू नका. मित्राला पाठ करून बसवा आणि कोणती जोडणी चालू आहे ते त्याला न सांगता विचारा. त्याला फरक ओळखता आला नाही, तर तुमची फळी उत्तम. ओळखता आला, तर एकेक पेटी आणि एकेक केबल काढून पाहा, दोषी सापडेलच.

विचार करा

1. 500 पिकोफॅरडला अनुस्पंदन 4,500 हर्ट्झला होते. धारकता नऊपट झाली तर ते किती हर्ट्झला होईल?

2. प्रयोगात पहिला रोधक 10,000 ऐवजी 1 लाख ओहमचा आणि दुसरा 10 लाख ओहमचा घेतला, तर मीटर किती व्होल्ट दाखवील? आधी गणित करा, मग मोजा.

3. बफर फळीच्या शेवटी, अ‍ॅम्प्लिफायरच्या अगदी जवळ ठेवला, तर केबलमुळे गेलेली धार परत येईल का? आपले उत्तर 1858 च्या केबलची आठवण ठेवून लिहा.